तलावासह वसलेले नगर

नागपूरच्या महालातील गांधीद्वाराचे जुने नाव जुम्मा दरवाजा. तेथून जवळच असलेल्या गांधीसागराचे जुने नाव जुम्मा तलाव; कित्येक जण त्यास आजही शुक्रवारी तलावच म्हणतात. दरवाजा आणि तलाव यांना एकच नाव मिळावे, हा आम्हांस निव्वळ योगायोग वाटत नाही. नगराचा तट आणि नगराचे पाणी यांचा विचार येथे बरोबरीने झाला होता.

देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ च्या सुमारास बारा वाड्या एकत्र करून हे नगर वसविले. त्याचा पुत्र चांद सुलतान याने येथे राजधानी आणली, गावाला तट घातला आणि जुम्मा तलाव बांधविला. पुढे पहिले रघूजी भोसले आले, पेठा वाढल्या. सक्करदरा, सोनेगाव, तेलंगखेडी येथील तलाव भोसल्यांच्याच अमदानीतले.

हे राजे निसर्गाचे फार मोठे कैवारी होते, असा आमचा दावा नाही. भोसल्यांचा काळ्या दगडाचा, नक्षीदार लाकडाचा वाडा १८६४ साली आगीत जळाला. त्याचा दगड कोठल्यातरी टेकडीतून आणि लाकूड कोठल्यातरी रानातून आलेच असेल. घर बांधायचे म्हटले की जमिनीला जखम ही होतेच. ती टाळता येत नाही. मात्र तहानेची आणि आगीची भीती त्या लोकांना ठाऊक होती, म्हणून जेवढे घेतले त्यातील थोडे पाण्याच्या रूपाने त्यांनी जमिनीस परत दिले.

इंग्रजी अमलात १८७० साली अंबाझरीचा बांध उंचावून शहराला पाणी देण्याची योजना झाली. १९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास आला आणि आखीव वस्त्यांचे युग सुरू झाले. आता बेसा, बेलतरोडी, मनीषनगर या बाजूंना शेते होती, हे मुलांना सांगावे लागते. काळ्या मातीचे शेत पावसाचे बरेच पाणी पोटात घेते, उरलेले नाल्याला सावकाश देते. त्याच शेतावर इमारत, पार्किंग आणि सिमेंटचा रस्ता झाला की तेवढेच पाणी घटकाभरात नाल्यावर येऊन आदळते. आणि नाला तर आधीच भिंतीत आवळलेला, कोठे स्लॅबखाली दडपलेला. विहिरी मात्र उन्हाळ्यात कोरड्या पडतात. एकाच चुकीची ही दोन फळे.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे हे नागपूरने भोगले. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी ओसंडला आणि नाग नदी काठच्या घरांत शिरली. माणसे दगावली, हजारो संसार चिखलात गेले. अरुंद झालेल्या पात्राने आपली जुनी जागा परत मागितली. एरवी हीच नदी शहराचे सांडपाणी कन्हानमार्गे वैनगंगेत, पार गोसीखुर्दच्या धरणापर्यंत वाहून नेते. आमच्या वस्त्यांचा भार भंडाऱ्याच्या शेतकऱ्याने का सोसावा?

जुन्या करारात लेवी लोकांना नगरे दिली, ती तटाभोवतीच्या मोकळ्या गायरानासकट, असे गणना ग्रंथाच्या पस्तिसाव्या अध्यायात आहे. लेवीय ग्रंथ तर पुढे जाऊन ते गायरान विकण्यास मनाई करतो. सेमिनरीत आम्ही हे भाग घाईने ओलांडले होते. पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे २०१५ चे परिपत्रक हाती आले तेव्हा ते पुन्हा उघडले.

दुसऱ्यास बोल लावण्याचा अधिकार आम्हांसही थोडाच आहे. लग्नमंडळींचे कपडे चिखलाने मळतात, म्हणून चर्चचे आवार आम्हीच फरश्यांनी मढविले. आवारातील विहीर त्यानंतर एप्रिलमध्येच तळ दाखवू लागली. गेल्या वर्षी विहिरीभोवतीच्या फरश्या काढून टाकल्या. काही धर्मग्रामस्थ नाराज झाले, ते स्वाभाविकच होते.

आमच्या धर्मग्रामातील तरुण कुटुंबे अशाच नव्या इमारतींत राहावयास जातात. त्यांनी जाऊ नये असे कोणत्या तोंडाने सांगावे? भाड्याच्या एका खोलीत त्यांनी वर्षे काढलेली आम्ही पाहिली आहेत. घर आशीर्वादित करावयास गेलो की आम्ही एवढेच विचारतो, ‘येथे पूर्वी नाला कोठून वाहत होता?’ घरमालकास बहुधा ठाऊक नसते. परवा एका ठिकाणी फाटकावरच्या पहारेकऱ्याने उत्तर दिले. तो त्याच गावचा, त्याच शेतावर राबलेला. ‘फादर,’ तो हात करून म्हणाला, ‘त्या गाड्या उभ्या आहेत ना, तेथूनच.’