फुटलेला कान आणि साठ डेसिबलचा कायदा

बल्लारपूरचा गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा याच्या अंगावरच्या गाठी झरपटीच्या पाण्याने बऱ्या झाल्या आणि त्यातून चंद्रपूर वसलं, ही दंतकथा आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असते. राजाच्या आजाराची कथा झाली. त्याच समाजातल्या पोरांच्या फुटक्या कानाची मात्र कुणाला दखल नाही.

कान वाहणं हा आजारच मानला जात नाही. सततची सर्दी, कुपोषण, चुलीचा धूर, एका खोलीत दाटीने झोपणं. मधल्या कानात पू साचतो, पडदा फाटतो, ऐकू कमी येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९६ च्या कार्यशाळेने ठरवलं, की चार टक्क्यांहून जास्त लोकांचे कान असे वाहत असतील तर तिथे तातडीने हस्तक्षेप हवा. ऑस्ट्रेलियाचे आदिवासी, ग्रीनलंडचे लोक आणि भारत त्याच गटात बसले. रक्त वेगळं, हवामान वेगळं. मग दोष 'त्यांच्या अस्वच्छ सवयीं'चा कसा?

आता सरकारचं बघा. बहिरेपणा रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आला २००६-०७ मध्ये, तोही सुरुवातीला २५ जिल्ह्यांपुरता. चंद्रपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालं २०१५ मध्ये. भामरागडच्या माणसाला नागपूर तीनशे किलोमीटरच्या वर. हेमलकशात १९७३ पासून लोकबिरादरीचं काम आहे, त्याबद्दल आदरच आहे. पण कुणाची सेवा मिळाली म्हणून संविधानातली राज्याची जबाबदारी संपत नाही.

खरी मेख कायद्यात आहे. १९९५ च्या आणि २०१६ च्या, दोन्ही अपंगत्व कायद्यांत श्रवणदोषाची रेषा साठ डेसिबल. फाटक्या पडद्याची श्रवणहानी बहुधा त्याच्या आतच राहते. म्हणजे पोराला मास्तरचं अर्धं बोलणं ऐकू येत नाही, तरी प्रमाणपत्र नाही, सवलत नाही. वर आश्रमशाळेत शिकवणं मराठीत, घरात माडिया. पोरगं उत्तर देत नाही तेव्हा मास्तर म्हणतो, याला भाषा येत नाही, नाहीतर ढ आहे. कान कुणी बघतच नाही. माझ्या मते या दोन जिल्ह्यांत आदिवासी मुलांची शाळा सुटण्याच्या चर्चेत हे कारण कधी मांडलंच गेलं नाही.

२०१३ पासून शाळांत बालस्वास्थ्य तपासणीची पथकं येतात आणि त्यांच्या यादीत कानाचा संसर्ग व श्रवणदोष दोन्ही आहेत. मित्रांनो, पुढचं पथक आपल्या तालुक्यात आलं की तिथे हजर राहा आणि दोनच गोष्टी विचारा: किती मुलांच्या कानात बत्तीने बघितलं, आणि मुलांशी गोंडीत, माडियात बोललं कोण?