आपला ळ

मैत्रिणींनो, आज एकाच अक्षराबद्दल बोलू या. ते म्हणजे ळ. मराठी शब्द या अक्षराने सुरू होत नाहीत, पण ते काढून टाकलं तर आपलं घर चालायचं नाही. डाळ, तांदूळ, गूळ, हळद, दळण, पोळी आणि पाळण्यातलं बाळ!

ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत ळ आहे. पुढच्या संस्कृतात त्याच्या जागी ड आला. मग आपल्याकडे एवढे ळ कुठून आले? प्राकृतातून मराठीत येताना दोन स्वरांमधला एकटा ल बहुधा ळ झाला. 'फल'चं फळ झालं, 'वेला'ची वेळ झाली. जोडीने असलेला ल्ल मात्र सुटा होऊनही ल राहिला. 'वल्ली'ची वेल, 'चुल्ली'ची चूल, 'फुल्ल'चं फूल. म्हणून फुलात ल आणि फळात ळ. शाळेत हे सांगितलं असतं तर व्याकरण गोड लागलं असतं!

बाळंतपणात येते ती कळ. ल म्हटलं तर कल, म्हणजे झुकाव.

गुजराती, कन्नड, तमिळमध्ये ळ आहे, हिंदीच्या वर्णमालेत नाही. त्यामुळे हिंदी कागदावर टिळकांचे तिलक होतात. इंग्रजीत ल आणि ळ दोघांना एकच अक्षर. त्यावरून पुन्हा मराठी नाव छापताना 'काळे'बाईंच्या 'काले'बाई होतात, आणि एका कागदावरचं नाव दुसऱ्याशी जुळत नाही. अर्ज भरला की मराठीतलं नाव आपणच वाचून घेऊ, आणि ळ दिसल्यावरच सही करू.