पाऊण वाजताचा वर्ग

पिंप्राळ्यात टीव्ही आधी बांबूवर आला. घरात काय आणलंय ते नंतर कळायचं, छपरावर बांबू चढला की गल्लीला बातमी लागायची. अँटेना धरून एक पोरगं वर, एक खाली अंगणात आणि एक आत पडद्यासमोर. आतला ओरडायचा, "मुंग्या आल्या!" खालचा तेच वर कळवायचा. वरचा बांबू फिरवायचा. माय म्हणायची, "इतका वेळ विहिरीवर रहाट फिरवला असता तं वाफा भिजला असता."

तेव्हा पिंप्राळा गावच होतं. आज जळगाव शहरानं ते गिळलंय, बाहेरच्या माणसाला शिव कुठली तेही सांगता यायचं नाही. आषाढी एकादशीला विठोबाचा रथ निघतो, तेवढं गावपण शिल्लक. आम्ही कॉलेजात जायचो ते सुरत लाइनचं फाटक ओलांडून, सायकलीवर. मालगाडी आली की पहिला तास गेलाच म्हणून समजा. उशीर का झाला असं सरांनी विचारलं की अर्धा वर्ग एका सुरात "फाटक!" म्हणायचा.

मी सांगतोय तो काळ १९८४ ते ८६ चा. देशात त्या वर्षी टीव्हीचं पीक आलं होतं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, पण त्याचं चित्र मुंबई-पुण्यापलीकडे यायला फार वर्षं लागली. त्याआधी, १९७५-७६ साली, सहा राज्यांतल्या २,४०० गावांत उपग्रहावरून शिक्षणाचे कार्यक्रम दाखवायचा मोठा प्रयोग झाला होता. उपग्रह अमेरिकेकडून वर्षभरासाठी मागून आणलेला. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, म्हणून आमच्या वाट्याला तो आला नाही. मग १९८३च्या ऑगस्टात आपला इन्सॅट-१बी वर गेला आणि ८४ साली गावोगाव लहान प्रक्षेपक उभे राहिले. इंदिराबाई गेल्या तेव्हा, नोव्हेंबर ८४ मध्ये, आमच्या गल्लीतल्या एकुलत्या एका टीव्हीसमोर ओट्यापासून रस्त्यापर्यंत माणसं बसली होती. अंत्यदर्शन घ्यावं तशी माणसं चपला काढून बसली होती.

त्याच वर्षी १५ ऑगस्टला विद्यापीठ अनुदान आयोगानं दूरदर्शनवर कॉलेजच्या मुलांसाठी रोजचा कार्यक्रम सुरू केला. इंग्रजी नावाचा अर्थ साधारण 'देशभराचा वर्ग'. आयोगाच्या अध्यक्ष तेव्हा माधुरी शहा होत्या, मुंबईच्या शाळा ज्यांनी वर्षानुवर्षं पाहिल्या त्या. कल्पना अशी की मोठ्या शहरातल्या कॉलेजांत जे चांगले शिक्षक आणि साधनं आहेत ती लहान गावातल्या पोरांपर्यंत पोचावीत. म्हणजे आमच्यापर्यंतच. कार्यक्रम परीक्षेच्या अभ्यासक्रमाला बांधलेला नव्हता, डोकं उघडावं एवढाच हेतू. तो तयार करायला काही विद्यापीठांत केंद्रं काढली. त्यातलं एक पुणे विद्यापीठात. आम्हीही पुणे विद्यापीठाचेच, कारण जळगावला स्वतःचं विद्यापीठ १९९० साली मिळालं. पुणं जवळजवळ चारशे किलोमीटर. तिथून आमच्याकडे प्रश्नपत्रिका यायची आणि मार्कलिस्ट यायची, तिसरं काही येत नव्हतं. हे तिसरं आलं, तेही आभाळातून.

वेळ होती दुपारची पाऊण. पुन्हा चार वाजता तेच.

आता ही वेळ ठरवणाऱ्याला खानदेशातलं कॉलेज माहीत नसावं. आर्ट्स-कॉमर्सची पोरं सकाळी सातला येऊन अकरा-साडेअकराला मोकळी, एसटीला लटकून गावी. सायन्सची बारा वाजता प्रॅक्टिकलला आत. पाऊण वाजता कॉलेजात कावळा तेवढा रिकामा. आणि चार वाजता आमच्यासारखे शेतावर नाहीतर दुकानावर. टीव्ही मात्र आला होता. कॉलेजचं नाव सांगत नाही, उगाच कोणाला लागायला नको. आयोगाच्या योजनेतला रंगीत संच, मोठा, लायब्ररीशेजारच्या खोलीत. त्याच्यासाठी सुताराकडून सागवानी पेटी करून घेतली, तिला दोन दारं, कडी, कुलूप. पाहुणे आले की पेटी उघडायची. क्रिकेटची मॅच असली की किल्ली आपोआप सापडायची. एरवी डेडस्टॉक रजिस्टरात नोंद आणि पेटीला कुलूप.

मी तो वर्ग पाहिला तो नापास झालो म्हणून.

१९८५च्या एप्रिलात एफ. वाय. बी. एस्सी.ला माझं वर्ष गेलं. बारावीपर्यंत मराठीत शिकलेलो. पुढचं सगळं इंग्रजीत. सर मराठीत समजवायचे आणि इंग्रजीत डिक्टेशन द्यायचे. कान मराठी, हात इंग्रजी, आणि मधे डोकं कुठे होतं ते देवाला माहीत. घरी निकाल सांगितला तेव्हा अण्णा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला उठवलं आणि दाराशी दुसरा विळा ठेवला. एवढंच. कपाशीच्या निंदणीला मजूर लावायचे ते त्या वर्षी एक माणूस कमी लागला.

तरी दुपारी मी सायकल काढायचो. लायब्ररीचं जुनं कार्ड होतं, ते कोणी परत मागितलं नाही. आमच्या बॅचची पोरं पुढच्या वर्गात, प्रॅक्टिकलला आत. मी बाहेर. वर्गाबाहेर काढलेल्या माणसालाच त्या वर्गाला बसायला वेळ होता.

किल्ली होती शिपाईमामांकडे. सातवी शिकलेले, गिरणेकाठच्या एका गावचे, डबा खायला त्याच खोलीत बसायचे. मला दारात घुटमळताना पाहून म्हणाले, "काय पाहू राहिला रे? ये, बस. पंखा आहे."

पेटी उघडली. आधी एक-दोन दिवस आम्हाला इंग्रजी बोलण्याचा नुसता आवाज ऐकू आला, नदीला पूर यावा तसा. शब्द सुटा होईना. मामा भाकरी मोडत पडद्याकडे पाहायचे आणि मध्येच म्हणायचे, "हा मानूस जमिनीतलं पानी सांगू राहिला. आपल्या इहिरीसारखं दाखवलं पहा." मी इंग्रजी ऐकत बसायचो आणि चुकायचो. मामा चित्र पाहायचे, त्यांचं बरोबर निघायचं. चौथ्या-पाचव्या दिवसापासून मीही तसंच करू लागलो. आधी चित्र, मग शब्द. वहीत ऐकलेले शब्द देवनागरीत लिहायचो, संध्याकाळी डिक्शनरीत स्पेलिंग हुडकायचो. निम्मे सापडत नसत. एकदा असे दहा-बारा शब्द घेऊन एका प्राध्यापकांकडे गेलो. त्यांनी वही उलटी-सुलटी करून पाहिली आणि स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवली. पुन्हा गेलो नाही.

एक दिवस पेशी दाखवली. दोन भाग होणारी. ही गोष्ट मला पाठ होती, चार अवस्था, चार आकृत्या. कांद्याच्या मुळाची स्लाइड आम्ही प्रॅक्टिकलला पाहिली होती, पंधरा पोरांत एक धड मायक्रोस्कोप, प्रत्येकाच्या वाट्याला अर्धं मिनिट. त्यात सगळं रंगवलेलं आणि मेलेलं. इथे ते हलत होतं. गुणसूत्रं मधोमध येऊन थरथरली, थांबली, मग दोन्हीकडे ओढली गेली, तिफणीचा दोर दोन बैलांनी दोन दिशांना ओढावा तशी. पेशीला कंबर पडली आणि एकाच्या दोन झाल्या. मला वाटत होतं त्या चार वेगवेगळ्या वस्तू आहेत. ती एकच होती. मामांचा घास हातात राहिला. "हे आपल्या आंगात होतं?" मी हो म्हणालो. "आत्ता?" हो. त्यांनी हाताच्या तळव्याकडे पाहिलं, मग राहिलेली भाकरी खाल्ली.

खोलीत एक अडचण होती. दुपारचं ऊन पडद्यावर यायचं, म्हणून आम्ही खिडक्या लावून घ्यायचो. पुढे ऐकून ऐकून दोन मुली येऊ लागल्या, त्यांची प्रॅक्टिकलची बॅच दुसऱ्या दिवशी असायची. आठवड्यात कुणीतरी वर कळवलं. हुकूम आला, अंधाऱ्या खोलीत मुली बसणार नाहीत. खिडक्या उघडल्या. मुलींना बसायला परवानगी मिळाली आणि पडद्यावर काही दिसेनासं झालं. मामांनी त्यावर उपाय काढला. पुठ्ठ्याचं मोठं खोकं फाडून पडद्याला झापड केली, घाण्याच्या बैलाला बांधतात तशी. समोर अगदी जवळ, एका ओळीत बसलं की दिसायचं. मी मागे उभा राहायचो आणि दिसेल तेवढं पाहायचो. त्यातली एक मुलगी भराभर टिपणं काढायची. तिच्या वहीवरून मला निम्मे न सापडलेले शब्द सापडले. आम्ही एकमेकांशी बोललो नाही. वही बाकावर राहायची, मी उतरवून घेऊन परत ठेवायचो. त्या काळी एवढंही पुष्कळ होतं. दिवाळीनंतर ती यायची थांबली. लग्न ठरलं असं कोणी म्हणालं. वही बाकावर नव्हती.

थंडीत, गव्हाच्या पाण्याचे दिवस, शेतातल्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या आणि शहरातही दिव्यांची वात व्हायची. जानेवारीत एक दिवस व्होल्टेज पडलं, मग एकदम चढलं. पडद्याच्या मधोमध एक पांढरी रेघ आली, मग ठिपका, मग काही नाही. मामा घाबरले. नोकरीवर येईल असं त्यांना वाटलं. दुरुस्तीचं एस्टिमेट मागवलं, ते मंजुरीला गेलं. पेटीला कुलूप लागलं.

एप्रिल ८६ मध्ये मी पास झालो. खरं सांगायचं तर मला पास केलं ते गाइडनं, टीव्हीनं नाही. परीक्षेत पेशीविभाजन आलंच नाही. पण इंग्रजी बोललेलं अंगावर येईनासं झालं होतं, आणि पुढच्या वर्षी डिक्टेशन घेताना सर काय सांगताहेत ते लिहिता लिहिता कळू लागलं. पुढे मी शिक्षक झालो. 'देशभराचा वर्ग' बरीच वर्षं चालला. आमच्या दुपारच्या वेळी तो बहुतेक घरी बसलेल्या बायकांनी आणि आजाऱ्यांनी पाहिला असणार, त्यांच्यासाठी तो नव्हता तरी. १९८६ला यश पाल आयोगाचे अध्यक्ष झाले, उपग्रहाचा तो पहिला प्रयोग ज्यांनी हाताळला होता तेच. ते साध्या भाषेत बोलायचे, पण आमच्या कॉलेजात तोवर पेटी बंद होती.

बांभोरीच्या माळावर आता विद्यापीठ आहे, गिरणेच्या पुलापलीकडे. पुतण्या तिथल्या होस्टेलला होता. १९९६च्या मार्चात मी त्याला भेटायला गेलो तेव्हा कॉमनरूमच्या टीव्हीपुढे दोनशे पोरं होती, वर्ल्ड कपची सेमीफायनल, कोलकाता. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या आणि खेळ थांबला. शिक्षणाचा कार्यक्रम कधी लावता का, असं मी विचारलं. पोरगं माझ्याकडे पाहून हसलं. त्याची चूक नव्हती. २०१८पासून त्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे, असोद्याच्या, जिला अक्षर येत नव्हतं. मामांची आठवण मला त्या पाटीखालून जाताना होते.

जुलै २०२०मध्ये शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या पोरांसाठी 'टिलीमिली' सुरू झालं. मी निवृत्त होतो. शेजारची तीन पोरं आमच्या ओसरीवर यायची, एकाच्या घरी टीव्ही होता पण रिचार्ज नव्हता. मी खिडकीला चादर बांधून द्यायचो.

कॉलेजचं जुनं सामान निर्लेखित केलं तेव्हा लिलाव झाला. संच भंगारवाल्यानं नेला. सागवानी पेटी शिपाईमामांनी घेतली, कितीला ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या गावी गेलो होतो, मामा जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. पेटी माजघरात होती, आत गोधड्या. कडीला तेच कुलूप लटकलेलं, उघडं. सून म्हणाली, किल्ली हरवली आहे, म्हणून लावत नाही.