‘सँक्च्युअरी’ : गाभारा, आसरा आणि अरण्य

काही इंग्रजी शब्द कायद्याच्या वाटेने आपल्याकडे आले आणि गावोगावी रुजून बसले. ‘सँक्च्युअरी’ हा त्यांपैकीच एक. कारवारहून कद्र्यामार्गे अणशीचा घाट चढून जोयड्याकडे जाणाऱ्यास हा शब्द केवळ रानाचा वाटेल. इंग्लंडातील जुन्या धर्मोपदेशकास विचारले असते, तर त्याने आपल्या चर्चमधील वेदीकडे बोट दाखविले असते. या अर्थांशी आपली देवळे आणि आपली माणसे या दोहोंचाही संबंध येतो, म्हणून त्यांचा थोडा मागोवा घेऊ.

मूळ लॅटिन शब्द ‘सांक्तुस’, म्हणजे पवित्र. त्यावरून देवस्थानाच्या सर्वांत पवित्र भागास हे नाव पडले. आपल्याकडे त्यास गाभारा म्हणावे. पुढे कायद्याने दुसरा अर्थ दिला. मध्ययुगीन इंग्लंडात अपराधी चर्चमध्ये शिरला, तर राजाच्या शिपायांनी त्यास तेथून ओढून काढू नये, असा दंडक होता. चाळीस दिवसांच्या आत त्याने न्यायासनापुढे यावे, नाहीतर गुन्हा कबूल करून देशत्याग करावा. हा हक्क १६२४ मध्ये पार्लमेंटने काढून घेतला. पण आसऱ्याचा अर्थ भाषेत टिकला. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील चर्चांनी मध्य अमेरिकेच्या निर्वासितांना थारा दिला, तेव्हा त्या चळवळीने हेच नाव धारण केले.

आपल्या इतिहासात या दोन अर्थांची विलक्षण गाठ पडली आहे. १५६० च्या सुमारास पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा आणि वेर्ण्याची म्हाळसा ही दैवते भक्तांनी जुवारी नदीपलीकडे अंत्रुज महालात नेली. तेथे पोर्तुगीजांची सत्ता तेव्हा पोहोचली नव्हती. इंग्लंडात माणसे देवाच्या आसऱ्याला धावत. येथे गाभाऱ्यातील देवासच आसरा शोधावा लागला, आणि तो माणसांनी मिळवून दिला.

तिसरा अर्थ वन्य जीवांचा. १९५६ मध्ये दांडेलीचे रान अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरास हा जिल्हा मुंबई राज्यातून त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. ‘अभयारण्य’ हा प्रतिशब्द सुंदर खरा, पण त्यात आसरा राहिला आणि पावित्र्य गळाले.

वस्तुतः हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतील अशी संस्था आपल्याकडे होतीच. ती म्हणजे देवराई. १८०१ मध्ये फ्रान्सिस बुकॅनन हा इंग्रजी कंपनीचा अधिकारी उत्तर कानड्यातून फिरला. येथील राने ग्रामदेवतांची मालमत्ता मानली जातात, आणि गावचा गावडा, जो देवाचा पुजारीही असे, त्याच्या अनुज्ञेवाचून झाड तोडीत नाहीत, असे त्याने नोंदविले. परवानगीबद्दल देवास काही द्यावे लागत नसे. मात्र न विचारणाऱ्यावर देवाचा कोप होई. सरकारने रानावर हक्क सांगू नये म्हणून लोकांनी केलेली ही युक्ती, असा तर्क त्याने केला. लोकांची श्रद्धा त्याला हिशेबी वाटली. परंतु पुढे १८७८ च्या वनकायद्याने रानांवरील सरकारी हक्क पक्का केला, तेव्हा देवाचे नाव त्याच्या आड येऊ शकले नाही.

अणशीचे रान १९८७ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, २००७ मध्ये दांडेलीसह व्याघ्र प्रकल्पात आले, आणि २०१५ पासून त्यास काळी नदीचे नाव आहे. १९७२ चा वन्यजीव कायदा अभयारण्यात काही हक्क राहू देतो. राष्ट्रीय उद्यानात मात्र गुरे चारण्यास मनाई करतो. या रानात पिढ्यान् पिढ्या कंदमुळे लावून राहिलेल्या कुणब्यांस ‘सँक्च्युअरी’ आणि ‘नॅशनल पार्क’ यांतील भेद शब्दकोशातून शिकावा लागत नाही. २००६ च्या कायद्याने वनवासीयांचे हक्क मान्य केले, आणि व्याघ्र प्रकल्पातील स्थलांतर संमतीवाचून होऊ नये असेही ठरले, ही समाधानाची गोष्ट होय. आता हे हक्क कागदावरून वाडीपर्यंत पोहोचले पाहिजेत.

वाघाला अभय हवेच. त्याविषयी आमचे दुमत नाही. परंतु ज्या पूर्वजांनी देवास आसरा दिला, त्यांच्या वंशजांनी रानातल्या माणसाच्या आसऱ्याविषयी उदासीन राहणे शोभणार नाही. गाभाऱ्यातील मूर्तीचा अभयहस्त आपण रोज पाहतो. तो वाघाला आहे, तसाच कुणब्यालाही आहे, एवढे आपल्या देवस्थानांनी आणि मंडळांनी मनात धरले, तर या परक्या शब्दाचे तिन्ही अर्थ आपल्या भूमीत पुन्हा एकत्र येतील.