सुटलेला धागा आणि लेखकांचा संप

'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन'चा मे १९८८मधला 'कॉन्स्पिरसी' हा भाग घेऊ. माणसांच्या अंगात शिरलेल्या परजीवींचा कट उधळला जातो. पण त्यांनी पृथ्वीवरून अंतराळात दूर कुठेतरी संदेश धाडलाय, हे शेवटी कळतं. पुढे? काहीच नाही. १९९४मध्ये मालिका संपली, तरी संदेशाला उत्तर आलंच नाही.

लेखक विसरले, असं आपण पटकन म्हणतो. पण तारखा बघा ना. मार्च ते ऑगस्ट १९८८ अमेरिकेतले पटकथालेखक संपावर होते. दुसऱ्या वर्षी २६ऐवजी २२च भाग निघाले. त्यातल्या पहिल्यासाठी तर सत्तरच्या दशकातली, न झालेल्या मालिकेची संहिता बाहेर काढावी लागली. नवा मोठा शत्रू, बोर्ग, १९८९मध्ये आला. आधी कीटकांच्या जमातीचा विचार होता, तो खर्चापायी सुटला आणि आले अर्धे यंत्र झालेले जीव. परजीवींचं नावही कुणी काढलं नाही.