‘चिन्न चिन्न आसै’ : रेगेची छाया असलेले तमिळ चित्रपटगीत

‘चिन्न चिन्न आसै’ (छोट्या छोट्या इच्छा) हे मणिरत्नम दिग्दर्शित ‘रोजा’ या 1992 मधील तमिळ चित्रपटातील गीत आहे. वैरमुत्तू यांची शब्दरचना, ए. आर. रहमान यांचे संगीत आणि मिनमिनी यांचा स्वर लाभलेल्या या गीताच्या ठेक्यावर जमैकातील रेगे संगीताचा प्रभाव आहे.

निर्मिती

‘रोजा’ हा रहमान यांचा पहिला तमिळ चित्रपट. त्या वेळी 25 वर्षांचे असलेले रहमान तोवर जाहिरातींच्या संगीतासाठी परिचित होते. दक्षिण चेन्नईतील वेलचेरीच्या उत्तरेस, चित्रपटसृष्टीचे जुने केंद्र असलेल्या कोडंबाक्कम येथे त्यांनी घराच्या आवारात ‘पंचतन रेकॉर्ड इन’ हा ध्वनिमुद्रण कक्ष उभारला होता.

रेगे ही शैली 1960 च्या दशकाच्या अखेरीस जमैकात रूपास आली. तिच्यात गिटारचे किंवा कीबोर्डचे तुटक स्वर मुख्य ठोक्यावर न पडता दोन ठोक्यांच्या मध्ये येतात. त्यामुळे चालीला एक झोका मिळतो. तमिळ खेड्यातील एका मुलीच्या साध्यासुध्या इच्छा सांगणाऱ्या गीताला रहमान यांनी असा परदेशी झोका दिला, मात्र सुरावट सोपी आणि सहज गुणगुणता येईल अशी राखली. ठेका बाहेरचा असूनही गीत परके वाटले नाही, याचे मर्म या मेळात आहे.

स्वागत

1992 च्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत संगीत दिग्दर्शनासाठी ‘रोजा’ आणि इळैयराजा यांचे संगीत असलेला ‘देवर मगन’ यांना परीक्षकांची समान मते पडली. इळैयराजा यांच्यासमवेत अनेक चित्रपट केलेले परीक्षक मंडळाचे अध्यक्ष बालू महेंद्र यांनी आपले निर्णायक मत नवोदित रहमान यांच्या पारड्यात टाकले. याच गीतासाठी वैरमुत्तू यांना राष्ट्रीय, तर मिनमिनी यांना तमिळनाडू राज्य पुरस्कार मिळाला.

चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीत पी. के. मिश्रा यांच्या शब्दांत ‘दिल है छोटा सा’ या रूपाने तेच गीत मिनमिनी यांच्याच आवाजात महाराष्ट्रासह देशभर पोहोचले. अमेरिकेतील ‘टाइम’ नियतकालिकाने 2005 मध्ये ‘रोजा’च्या संगीताचा समावेश जगातील दहा सर्वोत्तम चित्रपटसंगीतांत केला.