आशा आणि साशंकता : डॉ. पंजाबराव देशमुख यांचे मंत्रिपद आणि वऱ्हाडातील लोकमानस (१९३०-१९३३)

प्रस्तावना

नवनिर्वाचित नेत्याकडे समाज आशेने पाहतो आणि त्याच वेळी त्याच्या सामर्थ्याविषयी शंकाही बाळगतो. या दोन वृत्ती परस्परविरोधी गटांच्या असतात, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. वऱ्हाडच्या इतिहासातील एक प्रसंग या गृहीतकाला छेद देणारा आहे. इ.स. १९३० मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळात निवडून आले व मंत्री झाले. त्यांच्याविषयीच्या अपेक्षा आणि शंका यांचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी

इ.स. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला आणि १९०३ मध्ये हा प्रदेश मध्यप्रांताला जोडण्यात आला. तथापि निजामाचे नाममात्र सार्वभौमत्व कायम राहिले. परिणामी वऱ्हाडातील मतदारांनी निवडून दिलेल्या सभासदांना प्रांतिक कायदेमंडळात औपचारिकदृष्ट्या 'नियुक्त' सभासद म्हणून बसावे लागे. मताधिकारही मालमत्तेच्या अटीने मर्यादित होता. प्रातिनिधिक राज्यपद्धतीचा आरंभच अशा अपुरेपणातून झाला होता.

येथील अर्थव्यवहार कापसावर उभा होता. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात वऱ्हाडच्या कापसाला जागतिक बाजारपेठ मिळाली. तीच बाजारपेठ १९२९ नंतरच्या महामंदीत शेतकऱ्याच्या मुळावर आली. भाव कोसळले, शेतसारा मात्र रोखीने भरावा लागे. सावकाराकडे शेत गहाण पडणे हा अनेक कुटुंबांच्या जीवनातील निर्णायक प्रसंग ठरला. नव्या मंत्र्याकडे लोक पाहत होते ते या संकटाच्या छायेत.

आशेची कारणे

वऱ्हाडचे आरंभीचे राजकीय नेतृत्व प्रामुख्याने अमरावतीच्या वकीलवर्गाकडे होते. रंगनाथ नरसिंह मुधोळकर १९१२ च्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. दादासाहेब खापर्डे हे लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी होते. पंजाबरावांची पार्श्वभूमी वेगळी होती. २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. विलायतेत त्यांनी बॅरिस्टरची पदवी आणि वेदवाङ्मयातील धर्मविचारावरील प्रबंधासाठी डॉक्टरेट मिळविली. सत्यशोधक विचाराने जागृत झालेल्या बहुजन समाजाला आपल्यातलाच, पण विद्येत कोणापुढेही उणा नसलेला नेता त्यांच्या रूपाने लाभला.

या आशेला कृतीचा आधारही होता. १९२७ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या अमरावतीच्या अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या आंदोलनाला त्यांनी पाठिंबा दिला. १९२८ मध्ये जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्याचा आणि प्राथमिक शिक्षणाच्या प्रसाराचा त्यांनी पुरस्कार केला. मंत्रिपदापूर्वीच त्यांच्या शब्दाला असे वजन आले होते.

साशंकतेचे तीन स्तर

पहिली शंका राष्ट्रीय चळवळीतून आली. १९३० हे सविनय कायदेभंगाचे वर्ष होते. अकोला जिल्ह्यातील खारपाणपट्ट्यात, दहीहंडा येथे, विहिरीच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ तयार करून सत्याग्रह झाला. पुसद येथे लोकनायक बापूजी अणे यांनी जंगल सत्याग्रहाचे नेतृत्व केले. काँग्रेसचे कार्यकर्ते तुरुंगात जात असताना मंत्रिपद स्वीकारणे कितपत उचित, हा प्रश्न त्या वातावरणात अपरिहार्य होता.

दुसरी शंका हितसंबंधांतून निर्माण झाली. कर्जनिवारणाचा विचार सावकारवर्गाला आणि हिंदू देवस्थान संपत्तीविषयक विधेयक देवस्थानांच्या व्यवस्थापकांना अस्वस्थ करणारे होते.

तिसरी शंका अधिक मूलगामी होती व ती व्यक्तीपेक्षा पदाविषयी होती. १९१९ च्या कायद्याने आलेल्या द्विदल राज्यपद्धतीत शिक्षण, शेती यांसारखी 'सोपीव' खाती मंत्र्यांकडे आली. अर्थ आणि जमीनमहसूल ही 'राखीव' खाती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडेच राहिली. शेतीचा मंत्री शेतसारा कमी करू शकत नव्हता. शिक्षणाचा मंत्री तिजोरीचा स्वामी नव्हता. ज्या शेतकऱ्याने त्यांच्यावर विश्वास टाकला, त्यालाच या पदाच्या मर्यादांची झळ सर्वाधिक बसणार होती. आशा आणि शंका एकाच मनात वसत होत्या, त्या या कारणाने.

कसोटी

मध्यप्रांताचा १९३३ चा कर्ज लवाद कायदा ही या काळाची महत्त्वाची निष्पत्ती होय. धनको आणि ऋणको यांना मंडळासमोर आणून कर्जाची रक्कम व हप्ते ठरविणे, हे त्याचे सूत्र होते. त्याचा भर सक्तीपेक्षा तडजोडीवर होता. म्हणूनच कायद्याने दिलासा दिला, पण तो धनकोच्या संमतीवर बव्हंशी अवलंबून राहिला. आशावादी आणि साशंक या दोघांचेही म्हणणे अंशतः खरे ठरले. १९३३ मध्येच पंजाबरावांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

पदाच्या मर्यादांना त्यांनी दिलेले उत्तर संस्थात्मक होते. सरकारी तिजोरीवर विसंबून न राहता श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या माध्यमातून त्यांनी ग्रामीण मुलांसाठी शिक्षणाची दारे उघडली. पुढे १९५२, १९५७ आणि १९६२ मध्ये अमरावतीने त्यांना लोकसभेवर पाठविले; केंद्रीय कृषिमंत्री म्हणून त्यांनी १९५५ मध्ये भारत कृषक समाजाची स्थापना केली. १० एप्रिल १९६५ रोजी त्यांचे निधन झाले. कृषी विद्यापीठासाठी १९६७ मध्ये अकोल्यात जनआंदोलन झाले आणि १९६९ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठाला त्यांचेच नाव लाभले.

निष्कर्ष

वऱ्हाडातील साशंकता ही आशेचा अभाव नव्हती. ती आशेला लावलेली मोजपट्टी होती. विहीर, शाळा आणि गहाणखत या तीन ठिकाणी सामान्य माणसाने सत्तेची परीक्षा घेतली. नेत्याचा हेतू आणि त्याच्या पदाचे सामर्थ्य यांतील अंतर लोकांनी अनुभवातून ओळखले. हेतूवर विश्वास ठेवूनही सामर्थ्याविषयी प्रश्न विचारता येतो, ही लोकशाहीतील मूलभूत जाण आहे. सार्वत्रिक मताधिकार येण्यापूर्वीच वऱ्हाडच्या लोकमानसात तिचा उदय झाला होता, हे या कालखंडाचे ऐतिहासिक महत्त्व होय.